आईबाबांना घेऊन व्हेनिसमध्ये तीन रात्री: आधी पूल मोजा, मग प्लॅन करा

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, ७१ वर्षांचे बाबा, ६६ वर्षांची आई, आईंचे गुडघे दुखतात, सगळे शाकाहारी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रोमहून ट्रेनने व्हेनिसला येणार आणि हातात तीन रात्री. विचारलंय असं की मेस्त्रेमध्ये हॉटेल निम्म्या भावात मिळतंय ते घ्यावं का, तीन दिवसांत काय काय बसवायचं, आणि गोंडोला खरंच करावा का. मी गेली १७ वर्षं पुण्याहून छोटे छोटे फॅमिली ग्रुप इटलीला घेऊन जाते, त्यामुळे सविस्तर सांगते, थोडं लांबेल पण वाचा.

आधी एक जुनी गोष्ट. माझ्या अगदी सुरुवातीच्या खेपेला १४ जणांना घेऊन जुलैमध्ये एका दिवसासाठी व्हेनिसला गेले होते. नकाशावर स्टेशन ते सॅन मार्को, म्हणजे गावातला मुख्य चौक, जेमतेम दोन किलोमीटर दिसत होतं, म्हटलं चालत जाऊ, गावही बघून होईल. वाटेत एक पूल आला, सात-आठ पायऱ्या वर, सात-आठ पायऱ्या खाली, कोणाला काही वाटलं नाही. मग दुसरा, तिसरा, सहावा. रियाल्टो नावाच्या भागाजवळ ग्रुपमधल्या एक काकू पुलाच्या पायरीवरच बसल्या, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळे बघून या, मी इथेच बसते." वरून ऊन तापलेलं, मागून माणसांचा लोंढा, आणि त्या भिंतीला टेकून पाय चोळत बसलेल्या. त्यांनी त्या दिवशी सॅन मार्को पाहिलंच नाही. चूक माझी होती, मी अंतर किलोमीटरमध्ये मोजलं होतं. तेव्हापासून व्हेनिसचा कुठलाही प्लॅन करताना मी पूल मोजते. या गावात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेक सगळ्यांना पायऱ्या आहेत, रिक्षा नाही, टॅक्सी म्हणजे बोट, आणि सायकलसुद्धा चालत नाही. गुडघेदुखीच्या माणसाला सपाट तीन किलोमीटर चालवतील पण दहा पूल चालवत नाहीत, हे तुम्हाला घरचा अनुभव असेलच.

त्यामुळे पहिला प्रश्न हॉटेलचा. मेस्त्रे म्हणजे जमिनीवरचं गाव, तिथून व्हेनिस सांता लुचिया स्टेशन ट्रेनने दहा मिनिटं, भाडं किरकोळ, हॉटेलं मोठी, लिफ्टवाली, स्वस्त. दोघं तरुण असाल तर मी म्हणेन खुशाल राहा. पण आईबाबा आणि लहान मुलगी बरोबर असताना मी माझ्या लोकांना मेस्त्रेला ठेवत नाही, त्याचं कारण दुपार. व्हेनिस सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर बघायचं गाव आहे. दहा ते पाच एका दिवसासाठी आलेल्या लोकांची इतकी गर्दी असते की सॅन मार्कोच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये अक्षरशः गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखं खांद्याला खांदा लावून सरकावं लागतं. बेटावर हॉटेल असेल तर दुपारी दीड वाजता आईबाबांना खोलीवर आणून दोन तास आडवं होऊ देता येतं आणि साडेचारला ताजेतवाने होऊन परत निघता येतं. मेस्त्रेहून हे होत नाही, म्हणजे होतं पण जाऊन-येऊन इतका वेळ आणि दमणूक होते की कोणी करत नाही, मग दिवसभर सगळे बाहेर आणि संध्याकाळी व्हेनिस सुंदर दिसायला लागतं नेमकं तेव्हा सगळे थकून परतीच्या ट्रेनमध्ये. म्हणून पैसे वाचवायचे तर रोममध्ये वाचवा, इथे बेटावरच राहा.

पण बेटावर कुठे, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. हॉटेलच्या फोटोंकडे नंतर बघा, आधी बघा की जवळचा वापोरेत्तोचा स्टॉप कुठला आणि तिथून हॉटेलच्या दारापर्यंत किती पूल. वापोरेत्तो म्हणजे तिथली बोट-बस. मला दोन जागा आवडतात. एक म्हणजे स्टेशनमधून बाहेर पडून डावीकडे जाणारा रस्ता, लिस्ता दी स्पान्या, गुलिए नावाचा पूल येईपर्यंत या रस्त्यावर एकही पूल नाही, म्हणजे बॅगा सरळ ओढत हॉटेलच्या दारात. भाग थोडा बाजारू आहे, सुवेनिरची दुकानं वगैरे, पण आईबाबांसाठी सोयीचा. दुसरी म्हणजे कानारेज्जो भागात स्ट्राडा नोव्हाच्या आसपास, का' दोरो स्टॉपजवळ. हा गावातल्या त्यातल्या त्यात रुंद रस्त्यांपैकी एक, लोकल माणसं भाजी घेताना दिसतात, आणि बोटीचा स्टॉप हाकेच्या अंतरावर. हॉटेलला मेल करून दोनच प्रश्न विचारा, लिफ्ट आहे का, आणि स्टॉपपासून दारापर्यंत पूल किती. जुन्या वाड्यांमधली हॉटेलं आहेत, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते आणि चौथ्या मजल्यावरची खोली देतात. आणखी एक, पत्त्यावर विसंबू नका. गावाचे सहा भाग आहेत, घरांना नंबर रस्त्याप्रमाणे नाहीत तर अख्ख्या भागाचे सलग आहेत, म्हणजे "कास्तेल्लो ४३१२" एवढाच पत्ता असतो आणि त्यावरून गल्ली कळत नाही. हॉटेलचा कॅम्पो, म्हणजे चौक, कुठला ते विचारून ठेवा.

येताना लक्षात ठेवा, रोमची ट्रेन साधारण चार तास घेते आणि आधी मेस्त्रेला थांबते. "व्हेनेझिया" ऐकून घाईने तिथे उतरू नका, शेवटचं स्टेशन सांता लुचिया, तिथे उतरायचं. मेस्त्रे सोडलं की ट्रेन सरळ समुद्राच्या खाजणात शिरते, दोन्हीकडे पाणी, हा रेल्वेचा पूल १८४६ चा आहे, त्याआधी या गावात बोटीशिवाय यायचा रस्ताच नव्हता. मुलीला खिडकीशी बसवा. आणि स्टेशनच्या दारातून बाहेर पडलात की पायऱ्या उतरायच्या आधी दोन मिनिटं तिथेच थांबा. समोर रस्ता, रिक्षास्टँड काहीतरी असेल अशी आपल्या मनाची सवय असते आणि तिथे एकदम हिरवट पाणी, त्यावर बोटी, पलीकडे घुमट. इतक्या वेळा बघूनही माझा पाय तिथे थबकतो.

बोटीच्या पासबद्दल. एकेरी तिकीट ७५ मिनिटांचं ९.५० युरो, मी शेवटची गेले तेव्हाचा भाव, आणि ७२ तासांचा पास ४५ युरो. महाग वाटतो पण तुमच्या केसमध्ये मोठ्या चौघांना ७२ तासांचाच घ्या, कारण आईंसाठी बोट हीच तुमची रिक्षा आहे, दोन स्टॉप जायचं असेल तरी चढायचं आणि त्यात जीव खायचा नाही की साडेनऊ युरो गेले. तुम्हा नवराबायकोचं वय २९ च्या आत असेल तर तुम्हालाही, आणि मुलीला तर नक्कीच, रोलिंग व्हेनिस म्हणून कार्ड मिळतं, ते ६ ते २९ वयासाठी आहे, त्यावर ७२ तासांचा पास बराच स्वस्त पडतो. तास पहिल्यांदा मशीनला टेकवल्यापासून मोजले जातात, आणि दर वेळी चढताना टेकवायचा, विसरलात तर तपासनीस दंड करतो.

पहिल्या दिवशी दुपारी पोचाल, आंघोळ-चहा करा आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास फक्त एकच गोष्ट करा, १ नंबरची बोट. ही ग्रँड कॅनॉलच्या जवळजवळ प्रत्येक स्टॉपला थांबत जाते, पियाझाले रोमा ते सॅन मार्को साधारण ४५ मिनिटं. लोक स्टेशनच्या स्टॉपवर चढतात आणि उभे राहतात, तुम्ही एक स्टॉप मागे पियाझाले रोमाला जा, बोट तिथून सुटते, बसायला जागा मिळते, आणि बोट जुन्या पद्धतीची असेल तर अगदी पुढे नाकाशी उघड्यावर काही सीटं असतात, त्या मिळाल्या तर सोनंच. कॅनॉल पावणेचार किलोमीटरचा, दोन्ही बाजूंनी जुन्या व्यापाऱ्यांचे वाडे, त्यांचं मुख्य दार पाण्याकडे. पायऱ्यांवर हिरवं शेवाळ, खांबांना दोऱ्या बांधलेल्या, वरच्या मजल्यावर दिवे लागतात तेव्हा आतली नक्षीदार छतं दिसतात. आई एका जागी बसून अर्धं व्हेनिस बघतील. हाच तुमचा गोंडोल्याआधीचा गोंडोला. सॅन मार्कोला उतरायचं तर वाल्लारेस्सो स्टॉपवर उतरा आणि समोरच्याच अरुंद गल्लीतून सरळ आत जाऊन उजवीकडे वळा, असं गेलात तर चौकापर्यंत एकही पूल लागत नाही. पुढच्या सान झाक्कारिया स्टॉपला उतरलात तर मध्ये पायऱ्यांचा पूल येतो. असल्या बारक्या गोष्टींनीच आईंचा दिवस वाचतो.

दुसरा दिवस सॅन मार्कोचा, आणि इथे मी हट्टाने सांगते की सकाळी सातला चौकात असा. निदान तुम्ही दोघं आणि मुलगी तरी. त्या वेळी चौकात आठ-दहा माणसं असतात. कचऱ्याच्या बोटी, हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे नेणाऱ्या बोटी, पाण्याच्या क्रेटच्या बोटी काठाला लागत असतात, आणि माल पोचवणारी पोरं उंच हातगाड्या ओढत असतात. त्या गाड्या नीट बघा, मोठ्या चाकांच्या पुढे दोन छोटी चाकं असतात, पूल आला की गाडी मागे कलवायची, छोटी चाकं वरच्या पायरीवर टेकवायची आणि एकेक पायरी चढवत न्यायची. अख्ख्या गावाचं दूध, सिमेंट, फ्रीज सगळं असंच घरात जातं. मुलीला म्हणावं मोज किती पायऱ्या चढवतात.

डोज म्हणजे जुन्या व्हेनिसचा राज्यप्रमुख, त्याचा राजवाडा सकाळी नऊला उघडतो, पहिल्या स्लॉटचं तिकीट ऑनलाइन काढा, ३० दिवस आधी काढलं तर स्वस्त पडतं. वर दरबारात तिंतोरेत्तो या चित्रकाराचं पॅराडाइज नावाचं कॅनव्हास आहे, २२ मीटर रुंद, भिंतभर, त्याच्यासमोर बाकावर आईबाबांना शांत बसू द्या. मग बाजूचं बॅसिलिका, म्हणजे संत मार्कचं मोठं चर्च, त्याचंही तिकीट आधी काढून ठेवा, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठी बॅग नेता येत नाही, रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा पर्यटकांना सोडत नाहीत. आत छतभर सोनेरी मोझेइक, म्हणजे बारीक तुकडे जोडून केलेली चित्रं, आहे, आणि बाहेर, दारांवरच्या कमानींमध्ये उजव्या टोकाचं मोझेइक मुलीला दाखवा. संत मार्कचा देह ८२८ साली व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियाहून पळवून आणला, वर डुकराचं मांस झाकून, म्हणजे पहारेकरी हात लावणार नाहीत, अशी गोष्ट सांगतात, आणि त्यात ते पहारेकरी तोंड फिरवताना दाखवलेत. वरच्या गच्चीतले चार घोडे नकली आहेत, अस्सल आत संग्रहालयात आहेत, ते १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणले, १७९७ मध्ये नेपोलियनने पॅरिसला नेले, १८१५ मध्ये परत आले. पण या गच्चीचा जिना उभा आणि उंच पायऱ्यांचा आहे, आईंना नेऊ नका.

आता तुमच्या आईंसाठी एक खास. राजवाड्याच्या समोर, पाण्याकडे तोंड करून एक दगडी भक्कम इमारत आहे, झेक्का, म्हणजे टांकसाळ, १६ व्या शतकात सान्सोविनोने बांधलेली. झेक्का आणि आपला सिक्का हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दातून आलेत. व्हेनिसचं सोन्याचं डुकाट १२८४ पासून पडायला लागलं, त्यावर गुडघे टेकलेला डोज आणि समोर उभे संत मार्क. हे नाणं व्यापारातून आपल्याकडे इतकं आलं की त्यावरच्या त्या माणसांच्या आकृत्यांमुळे आपल्या लोकांनी त्याला पुतळी नाव दिलं, आणि पुतळ्यांची माळ म्हणतो ती या पुतळीची. नंतर आपल्याकडच्या सोनारांनी तशाच पुतळ्या पाडल्या ते वेगळं. मी एकदा हे सांगितलं तेव्हा ग्रुपमधल्या एका आजींनी गळ्यातली माळ बाहेर काढून चष्मा लावून एकेक पुतळी निरखून बघितली, तिथेच, टांकसाळीच्या भिंतीला टेकून, आणि आम्ही सगळे त्यांच्याभोवती गोळा झालो. आईंकडे असेल तर माळेचा फोटो फोनमध्ये ठेवा. आणि मुलीला इतिहासात मनुची येईल तेव्हा आठवण करून द्या की मिर्झाराजांच्या छावणीत १६६५ साली शिवाजी महाराजांना भेटलेला तो निकोलाव मनुची याच गावचा.

उंचावरून बघायचं तर चौकातला मनोरा, काम्पानिले, त्याला लिफ्ट आहे. मूळ मनोरा १४ जुलै १९०२ ला कोसळला होता, हा १९१२ मध्ये पुन्हा तसाच उभा केलेला. पण रांग मोठी असते, मी माझ्या लोकांना समोरच्या बेटावर नेते, सान जोर्जो मॅज्जोरे. सान झाक्कारियाहून २ नंबरची बोट, एकच स्टॉप, उतरलं की समोर पल्लादिओने बांधलेलं चर्च, त्याच्या मनोऱ्यालाही लिफ्ट, गर्दी खूप कमी, आणि वरून सॅन मार्को समोरून दिसतं, जे सॅन मार्कोवरून दिसत नाही. संध्याकाळी जा, फक्त बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवा.

तिसऱ्या दिवशी बेटं. इथे बहुतेक जण मुरानो, बुरानो, तोर्चेल्लो तिन्ही कोंबतात आणि दिवसभर बोटीच्या रांगेत उभे राहतात. तुम्ही बुरानो आणि तोर्चेल्लो करा, मुरानो सोडलं तरी चालेल. फोंदामेंते नोव्हे स्टॉपवरून १२ नंबरची बोट, बुरानोला पाऊण तासाच्या आत पोचते, पण नऊच्या आधीची बोट पकडा, त्यानंतर उभं राहून जावं लागतं. बुरानोची घरं रंगीत, पिवळं घर, त्याला लागून जांभळं, मग हिरवं, दारांवर पडदे, दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले, गाव सपाट आणि छोटं, आईंना आवडेल. लेस ही इथली जुनी कला, पण दुकानातली स्वस्त लेस हाताची नसते, हातरुमालाएवढ्या तुकड्यालाही खूप दिवस लागतात तर तो पाच युरोत कसा येईल. तिथून तोर्चेल्लो बोटीने पाच मिनिटं. धक्क्यापासून कॅनॉलच्या कडेने दहा मिनिटं सरळ सपाट चाल, आणि शेवटी सातव्या शतकात, ६३९ साली, सुरू झालेलं चर्च, आत मागच्या अख्ख्या भिंतीवर अंतिम न्यायाचं मोझेइक. व्हेनिस मोठं व्हायच्या आधी हे बेट मोठं होतं, मग खाजण गाळाने भरत गेलं, मलेरिया आला, लोक निघून गेले, आता तिथे मोजकीच माणसं राहतात. पक्ष्यांचा आवाज येतो फक्त. बाबांना बहुतेक हीच जागा सगळ्यात आवडेल, मला तरी दर वेळी ग्रुपमधले बाबा लोक हेच सांगतात.

मुलीला काच फुंकताना बघायचीच असेल तर परतताना १२ नंबरची बोट मुरानोच्या फारो स्टॉपला थांबते, तिथे तासभर उतरा. काचेच्या भट्ट्या १२९१ मध्ये आगीच्या भीतीने तिकडे हलवल्या. फक्त हॉटेलच्या रिसेप्शनवरून किंवा चौकात कोणी "मुरानोला फुकट बोट" म्हणालं तर जाऊ नका. एका खेपेला आम्ही गेलो होतो, दहा मिनिटं प्रात्यक्षिक, मग दरवाजे बंद केलेल्या शोरूममध्ये पाऊण तास, आणि काही घेतलं नाही तर परतीची बोट कुठून सुटते ते कोणी धड सांगेना. आपल्या पासवर जायचं, आपल्या मर्जीने यायचं.

त्या दिवशी संध्याकाळी कानारेज्जोमध्येच राहा, घेट्टोचा चौक बघा. १५१६ मध्ये ज्यू लोकांना या एका बेटावर कोंडून ठेवायचा हुकूम निघाला, रात्री दरवाजे बंद, आणि जगभर वापरला जाणारा घेट्टो हा शब्द इथून गेला. जागा वाढवता येईना म्हणून मजल्यावर मजले चढवले, त्यामुळे इथल्या इमारती बाकी गावापेक्षा उंच आणि छतं ठेंगणी, खिडक्या मोजून बघा लगेच कळतं. चौकात बाक आहेत, मुलं फुटबॉल खेळत असतात, तुमची मुलगीही मिसळेल.

गोंडोला. करा. भाव सरकारी ठरलेला आहे, दिवसा ३० मिनिटांना ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०, आणि हा भाव माणशी नाही तर बोटीचा, एका बोटीत पाच जण. तुम्ही बरोब्बर पाच आहात, म्हणजे माणशी १८ युरो. सॅन मार्कोच्या काठावरून घेऊ नका, तिथे मोठ्या बोटींच्या लाटांनी हेलकावे बसतात आणि रांगेत एकामागे एक गोंडोले असतात. आत छोट्या कॅनॉलवर एखाद्या पुलापाशी पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट घालून नावाडी उभे असतात, तिथून घ्या, चढायच्या आधी पैसे आणि मिनिटं तोंडाने बोलून पक्की करा. आईंना चढताना नावाडी हात देतो, पाय बोटीच्या मधोमध टाकायचा. नावाड्याच्या पायाशी जे वाकडंतिकडं कोरलेलं लाकूड असतं, ज्यात तो वल्हं टेकवतो, ते बघा, त्यातल्या प्रत्येक खोबणीत वल्हं ठेवलं की बोट वेगळी वळते. बोटसुद्धा सरळ नाही, डावी बाजू उजवीपेक्षा रुंद असते, कारण तो एकटा एका बाजूला उभा राहून एकाच वल्ह्याने चालवतो. आणि नकोच एवढा खर्च वाटला तर त्राघेत्तो आहे, ग्रँड कॅनॉल ओलांडायची मोठी गोंडोला, दोन युरो, सांता सोफियाहून थेट रियाल्टोच्या बाजारात सोडते, दोन-तीन मिनिटांचा प्रवास.

जेवणाबद्दल थोडं जपून. व्हेनिस मासे खाणारं गाव आहे, आणि शाकाहारी दिसणाऱ्या गोष्टीत न दिसणारं काही असतं. रिसोत्तोचा भात बहुतेक वेळा मांसाच्या किंवा माशांच्या पाण्यात शिजवलेला असतो, रिझी ए बिझी म्हणजे मटारभात ऐकायला आपला वाटतो पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, बीन्सच्या सूपचंही तेच. "सेंझा कार्ने, सेंझा पेशे, सेंझा ब्रोदो", म्हणजे मांस नको, मासे नको, मटणाचं पाणी नको, हे तीन शब्द कागदावर लिहून खिशात ठेवा. पार्मेझान चीजमध्ये दूध जमवायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट असतं, घरात कडक पाळत असाल तर तेही सांगा. बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे मारिनारा पिझ्झा, त्यात चीजच नसतं, टोमॅटोचा पास्ता, भाजलेलं रादिक्यो, म्हणजे लालसर कडवट पालेभाजी, पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड म्हणा, आणि आर्टिचोकच्या तळाच्या चकत्या लसूण घालून. मी किचन असलेलं अपार्टमेंट असेल तर बरोबर मेतकूट, भाजणी आणि कुकरऐवजी एक छोटं पातेलं नेते, रात्री गरम भात-मेतकूट मिळालं की आईबाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला तयार. सामानासाठी कानारेज्जोमध्ये एका जुन्या थिएटरच्या इमारतीत सुपरमार्केट आहे, छताला चित्रं आणि खाली दूध-दही, ते बघायलाही जा. कॉफी उभ्याने प्या, टेबलवर बसलात की भाव वेगळा, आणि सॅन मार्कोच्या चौकातल्या कॅफेत वाद्यं चालू असतील तर त्याचे पैसे बिलात वेगळे लागतात. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, गावभर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. आणि सार्वजनिक टॉयलेटला दीड युरो लागतो, सुट्टी नाणी बाबांच्या खिशात वेगळी ठेवा, म्युझियममधून निघताना सगळ्यांनी जाऊन यायचं हा माझा नियमच आहे.

पुराची काळजी तुम्ही विचारली नाहीत पण ऑक्टोबर म्हणजे सांगते. भरतीचं पाणी चढतं त्याला आक्वा आल्ता म्हणतात, मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी. १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ सेंटीमीटर चढलं होतं. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी ७८ लोखंडी दरवाजे उचलून भरती अडवतात, साधारण ११० सेंटीमीटरचा अंदाज असेल तर. पण सॅन मार्को गावात सगळ्यात खालच्या भागांत येतं, तिथे त्याहून कमी भरतीलाही पाणी येऊ शकतं. ते काही तासांत ओसरतं, फळ्यांचे उंच रस्ते मांडतात. आईंना रबरी तळव्याचे, न घसरणारे बूट हवेत, चप्पल नको, पुलांच्या दगडी कडा ओल्या असताना फार घसरतात.

एका दिवसासाठी येणाऱ्यांना जो प्रवेश कर आहे तो आतापर्यंत वसंत ते उन्हाळ्यातल्या ठराविक दिवसांनाच लागला आहे आणि हॉटेलात मुक्काम करणाऱ्यांना माफ आहे. हॉटेलचा सिटी टॅक्स मात्र माणशी रात्रीप्रमाणे वेगळा द्यावा लागतो, १० वर्षांखाली नाही, म्हणजे मुलीला नाही.

शेवटच्या सकाळी रियाल्टोचा बाजार. भाजी आणि मासळी दोन्ही, मासळीबाजार रविवार-सोमवार बंद असतो म्हणून तुमचा वार तपासा. मासे खात नसलात तरी भाजीच्या बाजूला या, पाण्याच्या बादल्यांमध्ये सोललेल्या आर्टिचोकच्या चकत्या तरंगत असतात आणि विकणारा माणूस बोलता बोलता एका हाताने भराभर सोलत असतो. आईंना तिथे उभं राहायला कंटाळा येणार नाही. मग सामान घेऊन बोटीने स्टेशन, ट्रेनच्या तासभर आधी निघा, बोट भरलेली असेल तर पुढची घ्यावी लागते.

आणि हॉटेल फायनल करायच्या आधी त्याचा कॅम्पो आणि जवळचा स्टॉप मला कळवा, मधले पूल मोजून सांगते.